पोटातला पंप आणि चौदा दिवसांचं गणित

माझ्या बेंबीच्या डाव्या बाजूला, कातडीच्या आत, टायटॅनियमची एक गोल डबी आहे. हात ठेवला की तिची कड लागते. साडी नेसताना परकराची नाडी नेमकी तिच्यावर येते, म्हणून मी आता नाडी उजवीकडे, जरा वरच्या अंगाला बांधते. गेली तीन वर्षं ही डबी माझ्याबरोबर आहे. लिव्हरमधल्या कर्करोगावर थेट केमोचं औषध सोडणारा हा पंप. त्याच्याबद्दल मराठीत विचारणारे फोन मला महिना-दोन महिन्यांनी येतात, कुणाच्या तरी मावशीसाठी, कुणाच्या भावासाठी. प्रत्येकाला तेच पहिल्यापासून सांगते. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते आहे.

2021 मध्ये मी 47 वर्षांची होते. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, माहेर कोल्हापूरचं. दीड वर्ष शौचाच्या वेळी अधूनमधून रक्त पडत होतं. मूळव्याध आहे असं आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि मीही ते मान्य केलं, कारण दोन्ही बाळंतपणांनंतर मूळव्याधीचा त्रास मला झालाच होता. इसबगोल घेत राहिले. हिमोग्लोबिन साडेआठवर आलं तेव्हा पाळीचं कारण निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्याच वर्षी अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या तपासणीचं वय 50 वरून 45 वर आणलं होतं, म्हणजे कोलोनोस्कोपी, दुर्बिणीने आतडं आतून बघायची तपासणी, मला सुचवायलाच हवी होती. कुणी सुचवली नाही, मी मागितली नाही. पंचेचाळिशी उलटलेल्या प्रत्येकीला माझी हात जोडून विनंती आहे: मूळव्याध असली तरी कोलोनोस्कोपी करून घ्या. रक्त पडायला एकाच वेळी दोन कारणं असू शकतात.

ऑक्टोबरमध्ये सिग्मॉइड कोलनमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या भागात, गाठ सापडली. चार दिवसांनी सीटी स्कॅन झाला. लिव्हरवर सात डाग होते, पाच उजव्या बाजूला आणि दोन डाव्या. बायोप्सीत आतड्याचाच कर्करोग लिव्हरमध्ये गेल्याचं नक्की झालं. चौथी स्टेज.

पहिल्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी वीस मिनिटांत सगळं सांगितलं. केमो सुरू करू, ती चालेल तोवर चालवू, थांबली की दुसरी देऊ. शस्त्रक्रियेचा विषय त्यांनी काढला नाही. मी विचारलं तर म्हणाले, दोन्ही बाजूंना पसरलंय, त्याचा उपयोग नाही. त्यांनी हे लिव्हरच्या सर्जनला विचारून सांगितलं होतं का? नाही. माझे स्कॅन एकाही लिव्हर सर्जनने पाहिलेले नव्हते, हे मला नंतर कागदपत्रं वाचताना कळलं. त्या गोष्टीचा राग अजून जात नाही. त्यांचं निदान चुकलं नव्हतं, केमोही बरोबर होती. पण "याचा उपयोग नाही" हे वाक्य ज्याने बोलायला हवं तो माणूस त्या खोलीत नव्हताच.

आतड्याचा कर्करोग बहुतेक वेळा पहिल्यांदा लिव्हरमध्येच का जातो, हे मला धाकट्या दिराने समजावलं. तो पुण्यात पॅथॉलॉजिस्ट आहे. आतड्यातून निघणारं रक्त थेट हृदयाकडे जात नाही, ते आधी पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून लिव्हरमध्ये जातं. जेवणातून आलेलं सगळं आधी लिव्हरच्या चाळणीतून जायला हवं, म्हणून शरीराने केलेली ही सोय. कर्करोगाच्या पेशीही त्याच वाटेने जातात आणि त्या चाळणीत अडकतात. "वहिनी, लिव्हरपुरतंच असेल तर सर्जनला दाखवल्याशिवाय राहू नका. लिव्हरपुरतं असणं आणि सगळीकडे असणं, दोन्हीला चौथी स्टेजच म्हणतात, पण दोन्ही एक नाहीत," तो म्हणाला. माझ्या आजारपणात मला मिळालेलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच.

दुसरं मत घ्यायला आम्ही न्यूयॉर्कला गेलो. तिथे लिव्हरच्या सर्जनबाई आणि केमोचे डॉक्टर दोघे एकाच वेळी समोर बसले. त्या बाईंनी आधी स्कॅन पूर्ण पाहिला, मग कागद ओढून चित्र काढायला घेतलं. तो कागद माझ्याकडे आहे. लिव्हरचा आकार, त्यात सात ठिपके, खालून येणाऱ्या दोन वाटा. एक जाड, पोर्टल व्हेनची. दुसरी बारीक, यकृताच्या धमनीची.

त्यांनी सांगितलं ते असं. लिव्हरला दोन बाजूंनी रक्त मिळतं. सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून येतं, बाकीचं धमनीतून. निरोगी लिव्हर मुख्यतः शिरेवर जगतं. बाहेरून येऊन वाढलेल्या गाठी मात्र आपलं रक्त धमनीतून ओढतात. म्हणजे औषध धमनीतून सोडलं तर ते गाठींना जास्त मिळतं आणि लिव्हरच्या निरोगी भागाला कमी. हा झाला पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा औषधाचा. फ्लॉक्सयुरिडीन नावाचं औषध आहे, केमोत सर्रास वापरतात त्या फाइव्ह-एफयूचं भावंड. ते लिव्हरमध्ये गेलं की पहिल्याच फेरीत नव्वद टक्क्यांहून जास्त तिथेच शोषलं जातं. बाकीच्या शरीरात फारसं पोचतच नाही. त्यामुळे हातातल्या शिरेतून ज्या ताकदीने देताच आलं नसतं, त्या ताकदीने ते लिव्हरला देता येतं. केस, तोंड, रक्तपेशी यांना त्याची झळ लागत नाही. अट एकच. औषध थेंबाथेंबाने, अखंड, दिवसरात्र त्या धमनीत पडत राहिलं पाहिजे. त्यासाठी पंप.

या पंपाची कल्पना जुनी आहे. शरीरात बसवायचे असे पंप 1970 च्या सुमारास मिनेसोटा विद्यापीठात विकसित झाले. पुढे न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात डॉ. नॅन्सी केमेनी यांनी ही उपचारपद्धत चिकाटीने चालवली, बाकी बहुतेकांनी ती सोडून दिली होती तेव्हाही. 1999 साली त्यांचा 156 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लिव्हरच्या गाठी काढल्यावर पंपातून औषध मिळालेल्यांपैकी 86 टक्के दोन वर्षांनी हयात होते, नुसती नेहमीची केमो घेतलेल्यांपैकी 72 टक्के. हे आकडे मला आशा देत होते. पण सर्जनबाईंनी लगेच सांगितलं की तो अभ्यास जुन्या केमोच्या काळातला आहे, आजच्या केमोशी नीट तुलना करणारे अभ्यास अजून चालू आहेत, आणि सगळ्या डॉक्टरांचं यावर एकमत नाही. त्यांनी ते लपवलं नाही म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

माझ्या गाठींमध्ये केरास नावाच्या जनुकात बदल होता, त्यामुळे औषधांचा एक अख्खा गट मला चालणार नव्हता. पंप हवाच, असं माझ्या मनाने तिथेच घेतलं.

विमा कंपनीने पहिल्यांदा नाकारलं. डॉक्टरांनी फोन करून भांडून ते मंजूर करून घेतलं, त्यात तीन आठवडे गेले. तोवर फोलफॉक्स नावाच्या केमोचे चार डोस झाले. त्यातलं ऑक्सॅलिप्लाटिन गारवा सहन होऊ देत नाही. फ्रिजमधलं दह्याचं भांडं उचललं की बोटांत वीज गेल्यासारखं व्हायचं. डिसेंबरच्या थंडीत गाडीचं दार उघडायला हातमोजे. पाणी कोमटच प्यायचं, नाहीतर घशात काचा टोचल्यासारखं वाटतं. पण गाठी थोड्या आक्रसल्या, सीईए हा रक्तातला कर्करोगाचा आकडाही उतरला.

फेब्रुवारी 2022 मध्ये शस्त्रक्रिया झाली. एकाच वेळी तीन कामं: सिग्मॉइडमधली गाठ काढणं, पित्ताशय काढणं आणि पंप बसवणं. पित्ताशय चांगलं होतं, तरी काढलं, कारण त्याचं रक्त यकृताच्याच धमनीच्या फांदीतून येतं आणि पंपातलं औषध तिथे गेलं तर ते सुजतं. पंपाची नळी यकृताच्या मुख्य धमनीत थेट खुपसत नाहीत. तिच्यातून जठर आणि लहान आतड्याकडे एक फांदी निघते, तिच्यात ती बसवतात, तोंड मुख्य धमनीच्या काठावर येईल अशी. आणि जठराकडे, स्वादुपिंडाकडे जाणाऱ्या ज्या बारीक बारीक फांद्या असतात त्या एकेक करून बांधून टाकतात. एखादी राहिली तर औषध जठरात जाऊन व्रण करतं. पंप बसवण्यातलं खरं कसब या फांद्या शोधण्यात आहे, असं सर्जनबाई म्हणाल्या होत्या.

माझ्या बाबतीत आणखी एक पेच होता. उजव्या लिव्हरला जाणारी माझी धमनी मुख्य धमनीतून निघतच नव्हती, ती आतड्याच्या धमनीतून वेगळी वर गेली होती. असं बऱ्याच लोकांत जन्मतःच असतं आणि जन्मभर कळतही नाही. शस्त्रक्रियेआधीच्या सीटी अँजिओग्राफीत ते दिसलं. मला वाटलं, संपलं, पंपाचं औषध उजवीकडे जाणारच नाही, आणि पाच गाठी तर उजवीकडेच. सर्जनबाईंनी तोच कागद परत पुढे ओढला आणि त्या वेगळ्या धमनीवर पेनाने एक आडवी रेघ मारली. "ही आम्ही बांधून टाकणार." मग डाव्या आणि उजव्या भागाच्या मध्ये बारीक बारीक रेषा काढल्या. लिव्हरच्या आत दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या वाटा असतात. एक वाट बंद झाली की या आतल्या वाटा उघडतात आणि डावीकडून आलेलं रक्त उजवीकडे पोचतं. मी किती वेळ त्या रेघांकडे बघत बसले होते. आपल्या अंगात अशी सोय आहे आणि आपल्याला तिचा पत्ताही नसतो.

शस्त्रक्रियेच्या टेबलावरच पंपातून रंग सोडून पाहिलं, लिव्हर रंगतं का आणि जठर कोरडं राहतं का. आठवड्याभराने न्यूक्लियर स्कॅन केला. पंपात खास सुई घालून नळीतून किरणोत्सारी कण सोडतात आणि ते कुठे जाऊन बसतात याचं चित्र घेतात. पडद्यावर लिव्हर उजळलं होतं, उजवा भाग जरा फिका पण दिसत होता, जठराच्या जागी अंधार होता. तंत्रज्ञ मुलीने अंगठा वर केला. नवऱ्याच्या डोळ्यांत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाणी पाहिलं.

आता त्या पंपाबद्दल. त्यात बॅटरी नाही, मोटर नाही. आत दोन कप्पे आहेत. एकात औषध, साधारण 30 मिलीलीटर. दुसऱ्यात कायमचा बंद केलेला वायू. शरीराच्या उबेने तो वायू फुगतो आणि भात्यासारखी घडी असलेली मधली भिंत दाबतो. औषध एका अतिशय बारीक नळीतून झिरपत बाहेर पडतं, माझ्या पंपात दिवसाला सव्वा मिलीलीटरच्या आसपास. पंप परत भरताना आत ढकललेल्या औषधाच्या दाबाने तो वायू पुन्हा आक्रसतो. म्हणजे भरणं हेच त्याला चावी देणं. माझ्या अंगातली ऊब संपेपर्यंत तो चालणार. हा पंप पूर्वी कॉडमन या नावाने मिळायचा. 2018 मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं तेव्हा रुग्णांची फार पंचाईत झाली होती. नंतर इंटेरा नावाने तोच परत आला. माझं नशीब की मला तो परत आल्यावर गरज लागली.

यातूनच चौदा दिवसांचं गणित निघतं. दोन आठवडे पंपात फ्लॉक्सयुरिडीन, त्याच्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि रक्त गोठू न देणारं हेपारिन मिसळलेलं. मग ते काढून दोन आठवडे नुसतं हेपारिनचं सलाईन, लिव्हरला विश्रांती म्हणून. मग परत औषध. पंप कोरडा पडू द्यायचा नाही. कोरडा पडला की नळीत रक्त गोठतं आणि मग तो कायमचा निकामी. त्यामुळे बर्फाचं वादळ असो, दिवाळी असो, चौदाव्या दिवशी जायचंच. मेट्रोपार्क स्टेशनवरून सकाळची गाडी, पेन स्टेशन, तिथून सबवे. नवऱ्याने त्या दोन वर्षांत ऑफिसात एकही दुसरी रजा घेतली नाही.

भरण्याची वेळ कशी असते ते सांगते, कारण फोनवर सगळ्यांना त्याचीच भीती वाटत असते. पलंगावर आडवं व्हायचं. नर्स पोटावर दोन बोटांनी पंपाची कड चाचपते, मध्यभाग शोधते. तिथे कातडीखाली एक टणक गोल झाकण आहे. बधिर करणारं मलम तासभर आधी लावलेलं असतं. वाकड्या टोकाची खास सुई सरळ आत जाते. आधी कातडीचा मऊपणा, मग झाकणाचा चिवटपणा, मग धातूला टेकल्याचा एक बारीक ठक. तो ठक मला पोटात जाणवतो. मग सुईला जोडलेल्या सिरिंजचा दट्ट्या कुणी न ओढता आपोआप वर सरकू लागतो. आतला वायू उरलेलं औषध बाहेर ढकलतो. किती आलं ते नर्स मोठ्याने वाचते. 30 भरले होते, चौदा दिवसांनी तेरा आले, म्हणजे सतरा लिव्हरमध्ये गेले. हिशेब जमला. मग नवं औषध थोडं थोडं भरतात, प्रत्येक पाच मिलीलीटरला थांबून, सुई जागेवर आहे ना हे बघून. औषध चुकून कातडीखाली गेलं तर मोठी इजा होते, म्हणून घाई करणाऱ्या हाताला मी सरळ थांबायला सांगते. एकदा नवीन परिचारिकेला झाकण सापडेना, तिने दोनदा टोचलं. मी शांतपणे म्हटलं, तुमच्या वरिष्ठांना बोलवा. असं म्हणण्यात काही कमीपणा नाही.

ऑगस्टच्या आधी मला ताप आला होता, दोन दिवस 102. कोविड निघाला. पुढच्या वेळी सिरिंजमध्ये अकराच आले. नर्सने मान वर केली, "ताप होता?" मी चकित झाले. अंग तापलं की वायू जास्त फुगतो आणि औषध जास्त वाहतं. हे मला कागदावर सांगितलेलं होतं, पण दोन मिलीलीटरचा फरक डोळ्यांनी पाहिल्यावर ते पक्कं डोक्यात बसलं.

आणि याच कारणाने आईशी माझी रोज तक्रार व्हायची. शस्त्रक्रियेनंतर आई कोल्हापूरहून सहा महिने येऊन राहिली होती. पोट दुखतंय म्हटलं की आईचा एकच उपाय, शेक. येताना रबरी पिशवी सामानात घेऊन आली होती. "थोडा शेक घे की गं, बरं वाटंल." मी म्हणायची, आई, नाही चालत. "असं कसं नाही चालत? शेकानं कुणाला काय झालंय?" तिला वायू, भाता, प्रवाह सगळं समजावलं. शेवटी नर्सने तिला हिंदीत सांगितलं की पोटावर गरम काही ठेवायचं नाही, कडकडीत पाण्याने फार वेळ आंघोळ नाही, तेव्हा तिने ती पिशवी कपाटात ठेवली. पण स्वतःच्या हाताने माझ्यासाठी काही करता येत नाही याचं दुःख तिला फार होतं. मग ती तांदळाची पेज करायची, मेतकूट घालून, आणि मी खाल्ली की तिचा चेहरा निवळायचा.

लिव्हरला औषध द्यायचं तर लिव्हरलाही त्याची किंमत मोजावी लागते. ही गोष्ट फोनवर विचारणाऱ्यांना मी सगळ्यात आधी सांगते. पित्तनलिकांना रक्त मिळतं ते धमनीतूनच. म्हणून फ्लॉक्सयुरिडीन गाठींना लागतं तसं पित्तनलिकांनाही लागतं. त्या कडक होत, आवळत जाऊ शकतात. एकदा चिंचोळ्या झाल्या की त्या पूर्ववत होतीलच असं नाही, स्टेंट घालावे लागतात. पंपात स्टेरॉइड मिसळतात ते याच्यासाठी. आणि दर दोन आठवड्यांनी रक्त तपासतात ते याच्यासाठी. माझं सगळं लक्ष एका आकड्यावर असायचं, अल्कलाइन फॉस्फटेज. पित्तनलिकांना त्रास झाला की तो चढतो. माझा मूळ आकडा 88. डॉक्टरांचं कोष्टक ठरलेलं होतं: मूळ आकड्याच्या सव्वापटीच्या आसपास गेला की औषध निम्मं, दीडपट झाला की औषध बंद. मी एक शंभर पानी वही केली होती. डावीकडे तारीख, मग सिरिंजमध्ये आलेले मिलीलीटर, मग अल्कलाइन फॉस्फटेज, बिलिरुबिन, सीईए. उजवीकडे काय भरलं ते.

पंपाबरोबर फोलफिरी नावाची नेहमीची केमोही चालू होती, कारण लिव्हरबाहेर कुठे पेशी असतील तर त्यांच्यापर्यंत पंपाचं औषध पोचत नाही. त्या आठवड्यांत छातीत कातडीखाली बसवलेल्या पोर्टला, म्हणजे शिरेत केमो सोडायच्या तोंडाला, जोडलेली बाटली 46 तास कमरेच्या पाऊचमध्ये असायची. केस विरळ झाले. जुलाबांनी जीव मेटाकुटीला यायचा. हे सगळं त्या नेहमीच्या केमोचं होतं. पंपाने मला दिवसागणिक असा काही त्रास दिला नाही, जठरात जळजळ तेवढी व्हायची आणि तिच्यावर रोज गोळी होती.

ऑगस्टमध्ये स्कॅनवर सातपैकी एक डाग दिसेनासा झाला होता, बाकीचे सहा निम्म्याहून लहान. सर्जनबाई म्हणाल्या, आता काढता येतील. पाच गाठी कापून काढल्या, खोलवरची एक मायक्रोवेव्हने जाळली, आणि दिसेनासा झालेला डाग त्यांनी उघड्या लिव्हरवर अल्ट्रासाउंड फिरवून शोधला, मिळाला नाही. पहिल्या डॉक्टरांनी "उपयोग नाही" म्हटल्याला तेव्हा दहा महिने झाले होते. गणपतीत मी घरी होते. उकडीचे मोदक वहिनीने केले, मी खुर्चीत बसून कळ्या पाडल्या. पाच-सहा पाडल्यावर दम लागला.

नंतर पंपात परत औषध सुरू झालं, उरल्यासुरल्या पेशींसाठी. चार महिने ठीक गेले. जानेवारीत अल्कलाइन फॉस्फटेज 109 झालं, औषध निम्मं केलं. फेब्रुवारीत 141. औषध बंद. मी रडले. आकडे चढताना पाहून भीती वाटत होती, आणि औषध थांबवलं म्हणूनही भीती वाटत होती. मी डॉक्टरांना म्हटलं, थोडं तरी द्या. ते म्हणाले, कर्करोगाशी लढायला तुम्हाला लिव्हर लागणार आहे, ते आधी वाचवू. त्यांनी पंपात नुसतं डेक्सामेथासोन आणि हेपारिन भरलं. एमआरआय करून पित्तनलिका पाहिल्या, एका ठिकाणी किंचित आवळल्यासारखं होतं, स्टेंट लागला नाही. आकडा उतरायला दोन महिने लागले. त्यानंतर फ्लॉक्सयुरिडीन परत दिलं नाही.

तेव्हापासून पंपात ग्लिसरॉल आहे. ते दाट असतं, हळू वाहतं, त्यामुळे चौदा दिवसांऐवजी सहा ते आठ आठवड्यांनी भरायला जावं लागतं. त्यामुळे 2024 च्या जानेवारीत भाच्याच्या लग्नाला कोल्हापूरला जाता आलं. त्याच्या आधी थोरल्या भाचीचं लग्न माझं हुकलं होतं. विमानात हवेचा दाब कमी असतो, त्यानेही पंप जोरात वाहतो, म्हणून औषध आत असताना मला लांबचा प्रवास मना होता. या वेळी जाण्याच्या आदल्या दिवशी पंप भरून घेतला, पंपाचं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवलं, तीन आठवड्यांत परत आले.

कोल्हापुरात नातेवाईकांनी विचारलं, हे आपल्याकडे होतं का? मी विचारणाऱ्याला एवढंच सांगते की लिव्हरपुरता उपचार म्हणजे फक्त हा पंप नाही. त्याच धमनीतून केमोचे कण सोडता येतात, यट्रियम-90 चे किरणोत्सारी मणी सोडता येतात, आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये हे मण्यांचे उपचार होतात. तुमच्या माणसाला त्यातलं काय लागू आहे, काहीच लागू आहे की नाही, ते लिव्हर सर्जन, केमोचे डॉक्टर आणि रेडिऑलॉजिस्ट यांनी स्कॅन समोर ठेवून एकत्र ठरवायचं. जाताना तुमच्याबरोबर सीटीची सीडी हवी, नुसता रिपोर्टचा कागद नको.

माझे स्कॅन तीन वर्षं स्वच्छ आहेत. दर चार महिन्यांनी होतात. स्कॅनच्या आदल्या रात्री मी अजूनही झोपत नाही.

मागच्या भेटीत सर्जनबाईंनी विचारलं, पंप काढायचा का? लहान शस्त्रक्रिया आहे, त्याच दिवशी घरी. ठेवला तर दोन महिन्यांनी एकदा सुई, आणि आजार लिव्हरमध्ये परत आलाच तर वाट तयार. पण माझ्या पित्तनलिका बघता फ्लॉक्सयुरिडीन पुन्हा देता येईलच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. आई फोनवर रोज म्हणते, "काढून टाक की आता. किती दिवस ठेवतीस?" नवरा म्हणतो, तू ठरव. वहीची चारच पानं उरली आहेत. पुढची भरण्याची तारीख सतरा आहे, तोवर मला उत्तर द्यायचं आहे.